नियम क्रमांक चार

नियम क्रमांक चार घनश्याम रहांगडालेने स्वतःच्या डोक्याने रचला, स्वतः टाइप करून आणला आणि स्वतःच डिंक लावून भिंतीला चिकटवला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे कोणीतरी हळहळेल की बिचाऱ्यावर अन्याय झाला. अन्याय वगैरे काही झाला नाही. जे झालं ते नियमानुसार झालं.

तुमसरात वाचनालयाच्या सभागृहात टीना मॅडम दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी पोरांना कराटे शिकवतात. सभागृहाला तीन बाजूंनी भिंती आहेत आणि चौथी बाजू ओसरीकडे सताड उघडी. ओसरीपुढे पटांगण. पोरं आत, पालक ओसरीवर, अशी व्यवस्था. आता आमच्या भागातला माणूस बघायला बसला की नुसता बघत नाही, हे टीना मॅडमना ठाऊक असायला हवं होतं. त्या इथल्याच. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटली की दोन्ही कडांनी बेंबीच्या देठापासून ओरडायचं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बैल पळतात ते आपल्या ओरडण्यामुळे, अशी प्रत्येकाची खात्री असते. मग स्वतःचं पोरगं ठोसा मारायला निघालं असताना गप्प कोण बसणार?

राइस मिलमधला मुकादम चंद्रकुमार आपल्या कैलाशला ओसरीवरून हाकायचा. "दाब! दाब! उजवा दाब!" कुंताबाई, म्हणजे प्रितमची आजी, डबा उघडून थेट आत शिरायच्या. "प्रितम, बापू, दोन घास खाऊन घे, मंग मारजो त्याले." समोरचं पोरगं ठोसा उगारून ताटकळत उभं राहायचं आणि प्रितम पोहे खायचा.

आणि घनश्याम? घनश्यामच्या मते तो अगदी शांत बसायचा. अधूनमधून गुड्डीला थोडं मार्गदर्शन करायचा, इतकंच. हे मार्गदर्शन बस स्टँडवर ऐकू जात असे.

गुड्डी ही त्याची मुलगी. कागदोपत्री खुशबू, वय वर्षं नऊ. तिचे हातपाय मॅडमच्याही कौतुकाचे होते. अडचण आवाजाची होती. कराट्यात ठोसा मारताना पोटातून एक आरोळी काढावी लागते, तिला किआय म्हणतात. ती निघाली नाही तर पांढऱ्या पट्ट्याचा पिवळा पट्टा होत नाही. गुड्डीची आरोळी ओठांपर्यंत यायची आणि तिथूनच माघारी जायची. उन्हाळ्यातल्या परीक्षेत मात्र तिने छाती भरून श्वास घेतला होता, तोंडही उघडलं होतं, आणि नेमकं तेव्हाच ओसरीवरून कोणीतरी गरजलं, "हाऽऽण गुड्डी!" सगळं सभागृह खो-खो हसलं. गुड्डीचं तोंड मिटलं ते मिटलंच. परीक्षकांनी कागदावर लिहिलं, 'आवाज नाही.'

ते कोणीतरी म्हणजे घनश्याम. पण त्याचं म्हणणं असं, की सुरुवात चंद्रकुमारने केली होती.

दसऱ्यानंतर टीना मॅडमनी पालकांची सभा घेतली. "काही पालकांच्या आवाजानं मुलं बिचकून राहिली," त्या म्हणाल्या. "मी कोणाचं नाव घेत नाही." नाव न घेता त्यांनी सरळ घनश्यामकडे पाहिलं. घनश्यामने मान डोलावली आणि मागे वळून चंद्रकुमारकडे पाहिलं. चंद्रकुमारने कुंताबाईंकडे पाहिलं. कुंताबाईंच्या मागे भिंत होती, म्हणून विषय तिथेच थांबला.

"मॅडम," घनश्याम उठला, "प्रेक्षकांच्या शिस्तीचं माह्यावर सोडा."

मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "चालेल. तुम्हीच घ्या." हाताला काम लागलं की याचं तोंड बंद राहील, असा त्यांचा हिशोब होता, हे त्यांनी नंतर मंदाला सांगितलं. मंदा म्हणजे घनश्यामची बायको. ती म्हणाली, "मले इचारलं असतं त मी सांगितलं असतं ना, मॅडम."

घनश्याम एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, पण स्वतःच्या सहीची सूचना काढायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. ती आली आणि माणूस फुलला. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' इथपासून सुरुवात. एकूण नियम पाच. त्यातला चौथा असा: 'वर्ग चालू असताना ओरडणाऱ्या प्रेक्षकास एक महिना वर्गाकडे पाठ करून बसविण्यात येईल. यात कोणाचाही अपवाद केला जाणार नाही.'

"अपवादाचं काहून लिहिलं?" मंदाने विचारलं. "कोनी मांगितला का?"

"त्यानं वजन येते," घनश्याम म्हणाला.

कुंताबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने दर वर्गाच्या सुरुवातीला पाचही नियम मोठ्याने वाचायला घेतले. चंद्रकुमार 'समजलं नाही जी' म्हणायचा, मग पुन्हा वाचायचे. तोवर वीस पोरं आत एका पायावर उभी. तिसऱ्या वर्गापर्यंत पोरांना कराट्यापेक्षा नियम जास्त पाठ झाले होते. मग त्याने शिट्टी आणली. ओसरीवर कोणी हूं की चूं केलं की शिट्टी. पण मॅडमही पोरांना थांबवायला शिट्टीच वापरायच्या. त्यामुळे कुंताबाई शिंकल्या की घनश्यामची शिट्टी वाजायची आणि आत वीसची वीस पोरं लाथ हवेत असतानाच थांबायची. त्यातली सहा पडायची. मंगळवारी मॅडमनी हात पुढे केला. घनश्यामने चाळीस वर्षांच्या वयात, बायको-मुलीसमोर, शिट्टी काढून त्या हातावर ठेवली.

"परीक्षा झाल्यावर घेऊन जा," मॅडम म्हणाल्या. ओसरीवर कोणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. चंद्रकुमार म्हणाला, ओरडू द्या, पोरं सरावतील, बैल नाही का सरावत? कुंताबाईंचा उपाय निराळा होता. "तेलघान्याच्या बैलाले बांधते ना, तशी पोरायच्या डोऱ्यावर झापड बांधा. पाहनारच नाही त भेतीन कायले?" या सल्ल्यावर सगळे हसले, पण घनश्याम रात्रभर विचार करत राहिला. झाकायचंच असेल तर पोरांना कशाला? प्रेक्षकांना झाकावं. मध्ये एक पडदा लावला की काम झालं.

दुसऱ्या दिवशी गुड्डी परीक्षेसाठी पांढऱ्या ड्रेसची घडी घालत होती. घडी घालता घालता म्हणाली, "बाबा, परीक्षेले कोनी पाहाले नोको."

"कोनीच नाही पाहणार बेटा. पडदाच लावून राहिलो ना मी."

"तुमी पन नोको."

"अवं, मी तर शिस्तीवाला हाव."

"तुमी पन." तिने घडी दाबून बसवली. "या खेपेस आवाज नाही निंगाला त मी कराटे सोडून देईन."

घनश्यामला वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता, कारण परीक्षा रविवारी होती. त्याने छातीवर हात ठेवून वचन दिलं, की एकही माणूस तुला दिसणार नाही. हे वचन त्याने मनापासून दिलं होतं. पुढे जी लाज वाटली तिचं मूळ यातच आहे.

पडद्यासाठी दोन खिळे ठोकायचे होते. वाचनालयाचा चौकीदार सेवकराम म्हणाला, "खिऱ्याची परवानगी मी नाही देऊ शकत जी. सचिवाले अर्ज द्या." सचिव धान कापणीसाठी आंबागडला आपल्या शेतावर. घनश्याम फटफटीवर आंबागडला गेला, चिखलातून शेताच्या धुऱ्याधुऱ्याने चालत धानाच्या बांधीत पोचला आणि अर्ज पुढे केला. सचिवांनी विळा काखेत धरून अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, भिंतीला खिळा म्हणजे ठराव आला, पुढची सभा पौषात आहे. वर अर्जावर तारीख नसल्याचंही दाखवून दिलं. अर्ज घेऊन समोर उभं राहिलं की माणसाला काय वाटतं, ते घनश्यामला वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. आपण किती जणांना तारखेसाठी परत पाठवलं ते आठवून धुऱ्यावर त्याचा पाय घसरला आणि एक चप्पल बांधीतच राहिली.

राहिला एकच मार्ग. बांबू रोवून पडदा उभा करायचा. बांबू आणि पडदा म्हटलं की डोमा. डोमा म्हणजे मंदाचा भाऊ, गावोगावच्या नाटकांना स्टेज पुरवतो. आता दिवस कोणते, तर दिवाळीनंतरचे, मंडईचे. या दिवसांत आमच्याकडे गावागावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि प्रत्येक मंडईला नाटक असतं. डोमाचे सगळे पडदे बाहेर गेलेले. शिल्लक एकच होता, राजवाड्याच्या बागेचा. दोन हरणं, एक कारंजं आणि त्यावर टपोरे गुलाब.

"साधा नाही का?" घनश्यामने विचारलं.

"साध्या पडद्यावर नाटक कोन पाहाते, भाऊजी?"

"नाटक नाही रे. लपवाचं हाये."

"लपवाले त यापेक्षा चांगला पडदाच नाही," डोमा म्हणाला.

रविवारी दुपारी डोमाची गाडी तो पडदा अर्धवट उलगडलेल्या अवस्थेत घेऊन रेल्वे फाटकावरून, धान्य बाजारातून, भाजी बाजारातून वाचनालयाकडे आली. वाटेत लोकांनी विचारलं, "काहो डोमाभाऊ, कवा हाये?" डोमाने अठरा वर्षांच्या धंद्यात 'नाटक नाही' असं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं. "पाच वाजता."

साडेचारला घनश्याम बांबूला शेवटची गाठ मारून मागे वळला तेव्हा पटांगणात साठेक माणसं बसली होती. पोत्यांच्या बोऱ्या अंथरलेल्या. एका बाईने पाहुण्यांसाठी आठ जणांची जागा चादर टाकून धरली होती. फाटकाजवळ शेंगावाला टोपली मांडत होता. पावणेपाचला माणसं दीडशेच्या वर गेली. ज्या पोरीला त्याने एकही माणूस दिसणार नाही म्हणून सांगितलं होतं, तिच्यासाठी त्याने अख्खं तुमसर गोळा केलं होतं.

घाम पुसत तो पडद्यासमोर आला आणि हात जोडून म्हणाला, "मंडळी, इथं नाटक नाही."

टाळ्या पडल्या. नाटकाआधी कोणीतरी पडद्यापुढे येऊन काहीतरी बोलतोच, हे लोकांना माहीत होतं.

"खरं सांगतो जी. लेकरायची परीक्षा हाये. घरी जा."

"वाऽऽ!" मागून शिट्टी आली. "आवाज हाये बरं गड्याले!"

"तुमच्या पाया पडतो!" घनश्यामने खरंच जमिनीला डोकं टेकवलं. पुढच्या बोरीवर बसलेल्या कुंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या मोहल्ल्यातला होय. इतकं झाक काम करते, मले मालूमच नोहोतं." वन्स मोअर झाला. घनश्याम पडद्याआड पळाला.

आत परीक्षक नागपूरहून आले होते आणि त्यांना तुमसर रोड स्टेशनवरून परतीची गाडी पकडायची होती. टीना मॅडमनी घनश्यामकडे पाठ फिरवून पोरांना रांगेत लावलं. गुड्डी रांगेत उभी होती. पडद्यामागून येणारा गलका ती ऐकत होती. तिने बापाकडे फक्त एकदा पाहिलं. घनश्यामने नजर फिरवली. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या कारंज्यात उडी मारावी. पण कारंजंही रंगवलेलं.

डोमाने त्याच्या हातात दोरी दिली. "ही धरून राहा, भाऊजी. वढली त पडदा वर जाते, म्हनून वढू नोका. फक्त धरा." घनश्यामने दोरी मुठीत आवळली आणि डोळे घट्ट मिटले. निदान वचनाचा अर्धा भाग तरी पाळू, तुमी पन नोको म्हणाली होती ना, मग नाही पाहात.

प्रितम झाला, कैलाश झाला. मग मॅडमनी नाव पुकारलं, "खुशबू रहांगडाले." घनश्यामचे डोळे आपोआप उघडले. आता डोळ्यांना कोण काय सांगणार?

पहिला ठोसा सुरेख झाला. आवाज नाही. दुसरा झाला. आवाज नाही. परीक्षकांनी घड्याळात पाहिलं, पेन उचललं. मॅडम हळूच म्हणाल्या, "पोटातून, खुशबू." गुड्डीने श्वास घेतला, ओठ उघडले. परीक्षकांचं पेन कागदावर टेकलं.

पुढचं घनश्यामला थांबवता आलं नाही.

"हाऽऽण गुड्डी! पोटातून! हाऽऽण!" आणि कसा ठोसा मारायचा ते दाखवण्यासाठी त्याने उजवा हात सणकन झटकला. त्याच मुठीत दोरी होती.

हरणं, गुलाब, कारंजं, सगळं भर्रकन वर गेलं. समोर दीडशे माणसं. सभागृहाच्या मधोमध पांढऱ्या ड्रेसमध्ये नऊ वर्षांची गुड्डी, आणि बाजूला तोंड उघडं टाकून, मूठ उगारून उभा असलेला तिचा बाप. टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या वाजल्या. चंद्रकुमार बोरीवर उभा राहून ओरडला, "दाब! दाब!"

गुड्डीने लोकांकडे पाहिलं. मग हळूहळू मान फिरवून घनश्यामकडे पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला, पाय रोवले गेले, मुठी कमरेला आल्या, आणि तिच्या पोटातून, अगदी खालून, जो आवाज निघाला तो शेंगावाल्यापर्यंत स्पष्ट गेला.

"बाऽऽबा! नियम चाऽऽर!"

पटांगण गार पडलं. चंद्रकुमार होता तसा खाली बसला. कुंताबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. घनश्यामला नियम चार तोंडपाठ होता. त्याने दोरी बांबूला गुंडाळली आणि भर दीडशे माणसांसमोर मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. नाकासमोर पाटी होती, 'भिंतीस खिळे ठोकू नयेत.' ती त्याने अकरा वेळा वाचली. कानशिलं तापली होती. उन्हाळ्यात ओरडलो होतो तो मीच, चंद्रकुमार नाही, हे त्या पाटीसमोर त्याने पहिल्यांदा मान्य केलं.

मागून गुड्डीचे ठोसे ऐकू येत होते, आणि प्रत्येक ठोशामागून आरोळी. एक, दोन, तीन, चार. एकही चुकली नाही. शेवटी कोणीतरी दबक्या आवाजात वन्स मोअर म्हणालं. परीक्षक म्हणाले, "पुन्हा नाही. पुढचा नंबर." मग मॅडमना विचारलं, "या मुलीचा आवाज फार खणखणीत आहे. कोणी तयारी करून घेतली?"

टीना मॅडमनी भिंतीकडे बोट दाखवलं. "वडिलांनी," म्हणाल्या.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर घनश्यामला कमी लागलं असतं.

उरलेली परीक्षा दीडशे माणसांनी अवाक्षर न काढता पाहिली. गुड्डी रांगेत बसून त्यांच्याकडे बघत होती, त्यामुळे कोणाची खोकायचीही छाती झाली नाही. शेवटी गुड्डीला पिवळा पट्टा मिळाला. ती आईचा हात धरून पुढे निघून गेली. घनश्याम डोमासोबत पडदा गुंडाळत राहिला. कुंताबाई जाता जाता थांबल्या. "घनश्याम, तुह्यं काम लहान होतं, पन शेवट मन लावून केला."

घरी मंदाने ताटं वाढली. गुड्डी जेवली, पट्टा उशाशी घेऊन झोपली. पोरीची माफी कशी मागतात हे घनश्यामला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्याला एकच प्रकार येत होता. सकाळी त्याने कागद घेतला आणि अर्ज लिहिला. विषय: माफी मिळणेबाबत. 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराने दोन्ही परीक्षांचे वेळी ओरडून आपणास लाज आणली. यात दुसऱ्या कोणाचाही दोष नाही.' या वेळी तारीख आठवणीने टाकली. अर्ज तिच्या दप्तरात ठेवला.

संध्याकाळी अर्ज त्याच्या चपलेत मिळाला. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'माफ केलं. पण एक महिना पाठमोरं. अपवाद नाही. खुशबू घनश्याम रहांगडाले, पिवळा पट्टा.'

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी घनश्याम ओसरीवर वर्गाकडे पाठ करून बसू लागला. येणारे-जाणारे विचारायचे, काहो, असे उलटे काहून बसले? तो भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवायचा. सुरुवातीचे दोन वर्ग मान खाली गेली ती वर आली नाही. तिसऱ्या वर्गाला त्याच्या लक्षात आलं, की मागून वीस आरोळ्या एकदम येतात आणि त्यातली एक त्याला वेगळी ओळखता येते. चौथ्या वर्गापासून तो तेवढ्यासाठीच येऊ लागला. चंद्रकुमारही आता गप्प बसायचा, कारण उलटा बसलेला घनश्याम त्याच्या अगदी डोळ्यांसमोर असायचा.

महिना भरला त्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी गुड्डी ओसरीवर आली. घनश्यामने न वळताच खिशातून एक कागद काढला आणि खांद्यावरून मागे दिला. विषय: मुदतवाढ मिळणेबाबत. 'अर्जदारास आपल्याकडे पाहण्याची अद्याप लाज वाटते. तसेच पाठमोरे बसल्यास आपला आवाज नीट ऐकू येतो. सबब आणखी एक महिना मिळावा, ही विनंती.'

कागदाची घडी घातल्याचं तेवढं ऐकू आलं. मग त्याच्या खांद्यावर एक छोटा हात पडला.

"नामंजूर," गुड्डी म्हणाली. "बाबा, इकडं पाहा."